वैशाखातलं लग्न, घरची फुलं: दारव्ह्याकडच्या एका मांडवाचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातलं गाव. घर कास्तकाराचं, सात एकर वावर, त्यातलं बरंचसं कोरडवाहू. विहिरीला एप्रिलमध्ये दिवसाकाठी दीड-दोन तास मोटार चालेल एवढंच पाणी. मोठ्या मुलीची सोयरीक नवरात्रात पक्की झाली आणि लग्न उन्हाळ्यात करायचं ठरलं. मुलगी बोलणीच्या वेळीच म्हणाली होती की मांडवात प्लास्टिकची फुलं नकोत. वडिलांनी हे फारसं मनावर घेतलं नाही, आत्याने घेतलं. आत्या गावातल्या बचत गटाची अध्यक्ष आहे. मी त्या भागात गटांच्या प्रशिक्षणाचं काम करते, म्हणून हे सगळं मला सुरुवातीपासून पाहता आलं.

तालुक्याच्या डेकोरेशनवाल्याकडे दोन पर्याय होते. पहिला म्हणजे कापडी-प्लास्टिकच्या फुलांचा तयार सेट, जो एका मोसमात चाळीस मांडव फिरतो आणि ज्याच्यावर मागच्या लग्नांची धूळ असते. जोडीला सोनेरी थर्माकोलची नक्षी. सजावटीच्या थर्माकोलवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, पण लहान गावांत ते अजून सर्रास दिसतं. दुसरा पर्याय ताज्या फुलांचा. ती नागपूरच्या सीताबर्डीच्या फुलबाजारातून किंवा अमरावतीहून येतात. लग्नाच्या दाट तिथीला भाव एका रात्रीत कुठल्या कुठे जातो, आणि बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत टेम्पोतून आलेला झेंडू गावात पोचेपर्यंत खालून काळा पडायला लागलेला असतो.

आत्याचा पहिला विचार सरळ होता. घरी विहीर आहे, वावर आहे, तर फुलं घरीच लावू.

पीक नको, एक तोडा हवा

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. झेंडूची शेती करणारा माणूस एकरी उत्पन्न, दर, तोड्यांची संख्या या भाषेत विचार करतो. त्याच्यासाठी झाडाने दीड-दोन महिने फुलं देत राहणं चांगलं. लग्नघराला मात्र त्या झाडावर एका पहाटे किती फुलं उमललेली आहेत, एवढंच कामाचं. बाकीचे तोडे गेले तरी चालतात, तो एक हुकला तर सगळी लागवड फुकट.

म्हणून आम्ही आधी माळ मोजली. मध्यम आकाराचा आफ्रिकन झेंडू पोटातून ओवला तर फुटाला दहा-अकरा फुलं बसतात. मांडवाचं दार, बोहल्याचे चार खांब आणि स्टेजची वरची पट्टी मिळून सुमारे दोनशे फूट माळ लागणार होती. म्हणजे एकवीसशे फुलं, वजनात पंधरा-सोळा किलो. चांगल्या फांद्या फुटलेल्या झाडावर एका वेळी दहा-बारा उमललेली फुलं धरायला हरकत नाही. त्या हिशेबाने पावणेदोनशे-दोनशे झाडं पुरतात. उन्हाळा, मर आणि रोही (नीलगायी) यांचा वाटा सोडून तीनशे रोपं ठरवली. दीड बाय दीड फुटावर ती पाऊण गुंठ्याच्या आत बसतात. वडिलांनी मनात अर्धा एकर धरला होता आणि पाण्याच्या काळजीने ते आधीच नाही म्हणत होते. पाऊण गुंठा ऐकल्यावर त्यांनी विहिरीजवळचा तुकडा दाखवला, कपाशीच्या जुन्या ठिबकच्या नळ्याही काढून दिल्या.

पण झेंडू हे मुळात थंड हवेत खुलणारं फूल आहे. पस्तीस अंशांच्या पुढे फूल लहान होतं, पाकळ्यांच्या कडा करपतात. विदर्भात एप्रिलअखेरीस दुपारचं तापमान याच्या कितीतरी वर असतं. नुसत्या झेंडूवर मांडव उभा करणं जुगार होता. म्हणून सुकी सजावट करायची असं आत्याने ठरवलं, आणि तिथे घरात पहिला वाद झाला.

आजी म्हणाली, ते निर्माल्य

नवरीची आजी ऐंशीच्या घरातली. सुकवलेली फुलं मांडवात लावणार म्हटल्यावर ती ओसरीवरूनच बोलली, "सुकलं फूल मांडवात? थे त निर्माल्य झालं बाई. देवावरचं उतरवून नदीत सोडतो आपण, अन् तुमी पोरीच्या डोक्यावर टांगता?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शहरातल्या कार्यक्रमांत सुक्या फुलांची सजावट आता रूढ झाली आहे. कोलकाता आणि तुतिकोरिन इथून भारताची सुकी फुलं परदेशी जातात, त्याला बरीच वर्षं झाली. पण गावातल्या लग्नात फूल म्हणजे ताजं. कोमेजलेलं फूल अपशकुनाकडे झुकतं. मुलीने आजीला मोबाईलवर फोटो दाखवले. आजीने ते पाहिले आणि मान फिरवली.

तोडगा आजीच्याच बोलण्यातून निघाला. दोन-तीन दिवसांनी ती आत्याला म्हणाली, "ज्वारी लावा, कापूस लावा. थे लक्ष्मी हाय. फूल लावाचं त ताजंच लावा."

मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात कामाचा निर्णय हाच होता, आणि तो कुठल्या प्रशिक्षणातून आला नाही. सुकी फुलं म्हणून जे नको होतं, ते घरात आलेलं पीक म्हणून चाललं. त्यानंतर वाटणी आपोआप झाली. बोहलं, मांडवाचं तोरण, हार आणि देवकाची जागा इथे फक्त ताजं फूल आणि हिरवी पानं. स्टेजची मागची भिंत, वाटेवरचे खांब, पंगतीची जागा इथे वावरातलं सुकं. कुर्डू आणि गोंफ्रेनासारखी काही फुलं त्या सुक्यात होतीच, पण ती धान्यात मिसळून गेली. आजीने ती पाहिली असणार. काही बोलली नाही.

सुकं काय जमवलं

सोयरीक ऑक्टोबरात ठरली हे नशीब. सोयाबीन काढणीला आलं होतं आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कुर्डू उभा होता. कुर्डू म्हणजे खरिपातलं तण, पावसाळ्यात त्याची कोवळी भाजी होते आणि पुढे त्याला गुलाबी-रुपेरी तुरे येतात. बागेतल्या कोंबडा नावाच्या फुलझाडाचा हा रानटी भाऊ. याचा तुरा जात्याच कागदासारखा कोरडा असतो, त्यामुळे सुकताना आकार जवळजवळ बदलत नाही. फक्त वेळ साधावी लागते. तुऱ्याच्या खालच्या भागातून काळं चकचकीत बी गळायला लागलं की उशीर झाला. मग ते बी सगळ्या घरात सांडतं, वर पुढच्या वर्षी अंगणात कुर्डूच कुर्डू.

गटातल्या बायांनी दुपारी दव पूर्ण उडाल्यावर तुरे कापले. मनगटाएवढ्या जुड्या बांधल्या आणि धान्याच्या अंधाऱ्या खोलीत आढ्याला उलट्या टांगल्या. उलटं टांगलं की दांडी सरळ वाळते, मान वाकत नाही. अंधार रंगासाठी हवा, कारण उन्हात लाल-जांभळे रंग लवकर उडतात. एका बाईने घाईने काही जुड्या टिनावर उन्हात टाकल्या होत्या. आठवड्याने त्या गवताच्या रंगाच्या झाल्या. जुडी जाड बांधली तर आतून बुरशी येते, हेही दोन जुड्यांनी शिकवलं.

गोंफ्रेना, म्हणजे अंगणात असतात ती बटनासारखी गोल जांभळी फुलं, चार घरांतून मिळाली. दिवाळीनंतर ज्वारीची कणसं आली, फूटभर धांड्यासकट कापलेली. फेब्रुवारीत करडईची केशरी बोंडं आली, जवसाच्या सोनेरी बोंडांच्या जुड्या आल्या. जवस या कामासाठी उत्तम आहे. बारीक, हलका, न गळणारा, आणि जिथे रिकामं दिसेल तिथे खोचता येतो. करडईचा रंग सुंदर टिकतो, पण काटे साडीला आणि लेकरांच्या हाताला लागतात, म्हणून ती डोक्याच्या वरच लावायची असं ठरलं. मार्चमध्ये गव्हाच्या ओंब्या.

आपल्या हवेचा इथे फायदा आहे. फेब्रुवारी ते एप्रिल विदर्भात हवा इतकी कोरडी असते की महागड्या सिलिका जेलशिवाय बरंच काही टांगूनच वाळतं. पाकळीदार गुलाब तेवढे वाळूत पुरून सुकवावे लागतात. मुलीने थोडे करून पाहिले, बरे झाले, पण मांडवाच्या मापाचं ते काम नव्हे.

बोंडं आणि बोंडअळी

कापसाचा भाग वेगळा सांगायला हवा. मुलीच्या डोक्यात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, अख्ख्या फांद्या होत्या, फुटलेल्या बोंडांसकट, मोठ्या रांजणात उभ्या केलेल्या. दिसायला त्या खरंच देखण्या असतात, आणि यवतमाळच्या लग्नात कापूस नाही तर काय असणार! वडिलांनी डिसेंबरात दोन गठ्ठे कापून कोठ्याला टेकवून ठेवले.

ते पाहून कृषी सहायकाने चांगलंच सुनावलं, आणि त्याचं बरोबर होतं. गुलाबी बोंडअळी अर्धवट उघडलेल्या, किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत महिनोन्महिने राहते. पऱ्हाटी घराशेजारी रचून ठेवली की जून-जुलैत तिथून पतंग निघून नव्या कपाशीवर जातात. २०१७ सालच्या हंगामात या अळीने विदर्भात काय केलं ते प्रत्येक घराला आठवतं. फरदड (हंगाम संपल्यावर त्याच कपाशीचं पुन्हा पीक) घेऊ नका, पऱ्हाटी वावरात आणि घराजवळ ठेवू नका असं कृषी खातं दर वर्षी सांगतं ते याचसाठी. सजावटीसाठी सहा महिने पऱ्हाटी जपणं म्हणजे पुढच्या हंगामाच्या पिकाशी खेळ.

दोन्ही गठ्ठे त्याच दिवशी नष्ट केले. त्याऐवजी पहिल्या-दुसऱ्या वेचणीतली पूर्ण उमललेली, निरोगी बोंडं देठासकट तोडून ठेवली होती, ती एकेक तपासली. ज्याची एखादी पाकळी बंद, ज्यावर भोक किंवा डाग, ज्यात दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, ते बाद. उरलेली कडक उन्हात तापवून घट्ट तोंड बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवली. ती तुरीच्या सोललेल्या काड्यांना तारेने बांधून फांद्या केल्या. लांबून कोणाला फरक कळला नाही. लग्न झाल्याबरोबर तीही जाळली.

झेंडूचा आठवडा हुकला

झेंडूची रोपं दोन टप्प्यांत केली. पहिलं बी जानेवारीच्या शेवटी, दुसरं त्यानंतर दहा-बारा दिवसांनी. रोप साधारण महिन्याचं झालं की लावायचं, आणि लावल्यापासून दोन महिन्यांच्या आसपास आफ्रिकन झेंडू फुलावर येतो. पहिल्या टप्प्यातल्या निम्म्या झाडांचा शेंडा खुडला, निम्म्यांचा ठेवला. खुडलेलं झाड फांद्या जास्त करतं, फुलं जास्त देतं, पण काही दिवस उशिरा. आत्याला हा प्रकार पटला नव्हता. "खुडायचं तर सगळी खुडा, नाही तर एकही नको." पण तिथी कधीही हलू शकते, म्हणून दोन्ही ठेवली.

तिथी हललीच. वराकडच्यांनी मुहूर्त आठ दिवस अलीकडे घेतला. खुडलेल्या झाडांवर तेव्हा नुसत्या कळ्या होत्या. दुसऱ्या टप्प्याचा तर प्रश्नच नव्हता. जे काही मिळालं ते न खुडलेल्या झाडांवरून. त्यातही मार्चअखेरीस लाल कोळी ही कीड आली होती. पानांच्या मागे पाण्याचा जोरकस फवारा, मातीवर सोयाबीनच्या कुटाराचं (भुशाचं) आच्छादन आणि दुपारी बांबूवर ताणलेल्या जुन्या साड्या, यावर झाडं तगली. एवढं करूनही फुलं आकाराने लहान होती. लग्नाच्या पहाटे हाती आली ती बाराशेच्या आसपास, गरजेच्या निम्म्याहून थोडी जास्त.

हात दिला तो गलांड्याने (गेलार्डियाने). धुऱ्याच्या कडेने एक ओळ सहज म्हणून लावली होती. विदर्भाच्या उन्हालाही हे फूल जुमानत नाही. लाल-पिवळा, थोडा राकट, वास नाही, म्हणून लोक त्याला कमी लेखतात. वैशाखातल्या लग्नासाठी मी आता झेंडूच्या बरोबरीने गलांडा लावायला सांगते. मोगरा घरचा आणि शेजारच्या तीन अंगणांतला मिळाला. त्याचा तर हंगामच तो. वधूवरांचे गुलाबाचे हार मात्र यवतमाळहून आणले. वैशाखात घरच्या गुलाबाकडून ती अपेक्षा ठेवणंच चूक.

आदला दिवस आणि लग्नाचा दिवस

मुहूर्त गोरज. उन्हाळ्यातल्या ताज्या फुलांसाठी याहून चांगली वेळ नाही.

आदल्या दिवशी मांडव घातला. जांभळीच्या आणि आंब्याच्या डहाळ्या नेहमीप्रमाणे भावकीने आणल्या, आणि खरं तर अर्धी सजावट तिथेच झाली. हिरवा मांडव इतका भरगच्च असतो की त्यावर आणखी काय लावायचं हा प्रश्न शहरातल्या रिकाम्या हॉलसारखा इथे पडतच नाही. सुकी सजावट बुरडाकडून घेतलेल्या बांबूच्या तट्ट्यांवर आधीच बांधून खोलीत उभी होती. ती त्या रात्री बाहेर काढायची असा काकांचा आग्रह होता. आत्याने काढू दिली नाही. संध्याकाळी आभाळ आलं, वारा सुटला, चार थेंब पडून गेले. बाहेर राहिलेल्या दोन जुड्यांमधला कुर्डू ओल धरून लुळा पडला. सकाळच्या उन्हात बराचसा सावरला.

झेंडू पहाटे, उजेड फुटताच तोडला. उन्हं वर आल्यावर तोडलेलं फूल तासाभरात मान टाकतं. टोपल्यांत उथळ पसरून वर ओलं पोतं. ढिगावर पाणी मारायचं नाही, आत उबारा धरून फूल कुजतं. गटातल्या आठ जणींनी बैठकीच्या खोलीत कूलरसमोर माळा ओवल्या आणि त्या चार वाजेपर्यंत ओल्या पोत्यांखालीच राहिल्या. स्टेजवाला सकाळी दहालाच "द्या, लावून टाकतो" म्हणत होता. त्याचं ऐकलं असतं तर लग्न लागेपर्यंत नुसत्या दोऱ्या उरल्या असत्या. मोगऱ्याच्या टपोऱ्या मिटलेल्या कळ्या सकाळी तोडून ओल्या फडक्यात ठेवल्या. त्या सांजेला मुहूर्ताच्या सुमारास उमलल्या.

बारा-तेराशे फुलांत दोनशे फूट माळ होत नाही. म्हणून स्टेजची पट्टी झेंडूतून वगळली, तिथे ज्वारी, जवस आणि गोंफ्रेना. खांबांवर एक वीत झेंडू, एक वीत गलांडा, मध्ये आंब्याची पानं. दाराच्या तोरणात सगळ्यात मोठी फुलं. हा बदल नाइलाजाने केला होता, पण फोटोत तोच जास्त खुलून दिसला.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवावं लागलं. एक, आग. सुका कापूस आणि कणसं म्हणजे सरपणच. बिछायत केंद्रवाल्याने स्टेजमागे हॅलोजन लावला होता, तो काढून एलईडी लावायला लावला. होमाच्या जागेपासून सुक्या तट्ट्या दूर ठेवल्या, आणि रेतीच्या दोन बादल्या स्टेजमागे. फटाक्यांना वरातीतच थांबवलं. दुसरी गोष्ट कण्हेर. लेकरांनी हौसेने कण्हेरीची फुलं आणून पंगतीच्या पाण्याच्या पिंपाभोवती मांडली. कण्हेरीचं सगळं झाड विषारी आहे, ती लगेच उचलली आणि लेकरांचे हात धुवायला लावले. खालच्या खांबांवरची ज्वारी शेजारच्या शेळीने खाल्ली, त्याला इलाज नव्हता.

हिशेब

रोख खर्च डेकोरेशनवाल्याने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी आला. बियाणं, तट्ट्या, तार-सुतळी, बाजारचे हार आणि लाइटवाला, एवढंच. घरात सगळे यावर खूश होते. मी मात्र आत्याला बायांच्या हातांचे दिवस मांडायला लावले. कुर्डू कापणं, जुड्या बांधणं, बोंडं तपासणं, तट्ट्या विणणं, पहाटेची तोडणी आणि ओवणी. हे सगळं चालू मजुरीने धरलं तर बचत जवळजवळ संपते. वडिलांना ते आवडलं नाही, "घरच्याच त बाया" असं ते म्हणाले. पण गटातल्या बाया घरच्या नव्हत्या, आणि एका लग्नात भावकीच्या नात्याने जे चालतं ते दुसऱ्या लग्नात चालणार नाही. अखेर ओवणीचे आणि तट्ट्यांचे पैसे गटाला दिले गेले. तट्ट्या गटाकडेच राहिल्या.

जवस, गोंफ्रेना आणि कुर्डू पत्र्याच्या डब्यांत कडूलिंबाच्या पाल्यासोबत बंद आहेत. पावसाळ्यात ते टिकतील का हे डब्याच्या झाकणावर अवलंबून. ज्वारी कोंबड्यांना गेली, झेंडू खड्ड्यात.

आता शेजारच्या गावातून विचारणा आली आहे, लग्न माघातलं. तिथे हा नमुना जसाच्या तसा उचलू नका, असं मी गटाला सांगितलं आहे. माघात हवा थंड, झेंडूचं फूल मोठं, शेवंती घरोघरी. तिथे ताजं फूलच पुरेसं आहे, सुक्याचा एवढा खटाटोप कशाला? रोपं मात्र वेळेत तयार हवीत, निम्म्यांचे शेंडे खुडायचे आणि निम्मी तशीच ठेवायची, कारण तिथी तिथेही अजून नक्की नाही.